दिल्लीची चव गेली

१ जानेवारी १९९७
संकल्प. सिगारेट आणि सकाळचं फिरणं हे दोन्ही विषय गेल्या वर्षी निकालात निघाले. यंदा मोडणंच शक्य नाही असा संकल्प केलाय. दर रविवारी बाहेर जेवायचं, आणि दर वेळी आधी कधी न खाल्लेला पदार्थ. दिल्लीत प्रत्येक राज्याचं भवन आहे, आणि भवन म्हटलं की कँटीन आलंच. सरकारनं अख्खा देश पानात वाढून ठेवलाय आणि आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी कॉलनीतले लोक डब्यातली पोळीभाजी खाऊन ऑफिसच्या लॉनवर उन्हात लोळतात!
वर्षअखेरीस या सगळ्याचं पुस्तक. अरुणा म्हणाली, आधी कोलेस्टेरॉल तपासून घ्या. बायकोला पुस्तकाचं कौतुक नंतर वाटतं.
संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी सरलाताईंचा फोन. पाडव्याच्या पाककला स्पर्धेला परीक्षक म्हणून मलाच धरलंय. दुसऱ्या कुणाला धरणार? नुसत्या वासावरून फोडणीत हिंग आहे की नाही सांगणारा माणूस या दिल्लीत मी एकटा. हे मी म्हणत नाही, मागच्या पाडव्याला माइकवरून जाहीर झालं होतं.

९ जानेवारी
ऑफिसच्या जिन्यावर घसरलो. फरशी ओली होती. डोकं मागून पायरीवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे. गुणवंत, म्हणजे माझ्याच सेक्शनमधला, ऑटोनं घरी घेऊन आला. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरनं टेंगूळ दाबून बघितलं आणि विश्रांती घ्या म्हणाला. सफाईवाल्या कंत्राटदाराबद्दल कडक नोट टाकणार.

१२ जानेवारी, रविवार
मोहिमेचा श्रीगणेशा. दक्षिणेकडच्या एका भवनाचं कँटीन. नाव लिहीत नाही, लेखकानं थोडी नीतिमत्ता पाळावी. गुणवंत खास फरीदाबादहून आला.
निराशा. सांबार आंबट, चटणी तिखट, आणि मधे काहीच नाही. सगळं जेवण म्हणजे गरम पाणी आणि मिरची. गुणवंत मात्र बोटं चाटत होता. फरीदाबादला राहून माणसाची जीभ मरते. त्याला सांगितलं नाही, मनाला लावून घेईल.

१९ जानेवारी
चांदनी चौक. जिलबी गोड. बस, गोड. तुपाचा पत्ता नाही. कचोरी खारट. बस, खारट. एवढी गर्दी लोटते ती कशासाठी, कळेना. दिल्लीचं खाणं बिघडलंय ही गोष्ट कुणीतरी स्पष्ट लिहायला हवी होती. मीच लिहीन. पुस्तकाची दिशा बदलतोय.

२६ जानेवारी
घरीच. अरुणानं आमटी केली. घरचं ते घरचं! पहिल्याच घासाला म्हटलं, पुण्याचा गोडा मसाला कसा बोलतोय बघ. ती वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांत बायकोचं कौतुक कमी केलं हे खरं. यापुढे रोज करणार.

२ फेब्रुवारी
चित्तरंजन पार्क. एका बंगाली खानावळीत मोहरी वाटून लावलेला मासा. वा! पहिल्याच घासाला नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. किती दिवसांनी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं. मोहरी आणखी मागवली, मग आणखी. गुणवंतनं विचारलं, साहेब, मासा कसा वाटला? मी म्हटलं, मासा हे निमित्त असतं. त्यानं हे लिहून ठेवायला हवं होतं.

९ फेब्रुवारी
ईशान्येकडच्या एका भवनात. आंबवलेल्या सोयाबीनची भाजी. गुणवंत आत येताच दारात थबकला आणि म्हणाला, मी बाहेर बाकावर बसतो. मी तीनदा मागून घेतली. अत्यंत सौम्य पदार्थ. स्वयंपाकी बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवून गेला, म्हणाला, आप पहले बाहरवाले हैं जिसने मुँह नहीं बनाया. अशी दाद जाणकारालाच मिळते.
येताना बसमध्ये लोक माझ्यापासून सरकून बसत होते. दिल्लीकरांना मॅनर्स नाहीत.

१४ फेब्रुवारी
मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. वृंदा कॉलेजातून आली ती दारातूनच ओरडत. बाबा, यार, दूध जल गया, पूरा घर भर गया धुएँ से, तुम्ही इथेच बसलात? पातेलं कोळसा झालं होतं. मुलीला आधी सांगितलं की बापाला यार म्हणू नये. मग सांगितलं की अग्रलेख महत्त्वाचा होता. एकाग्रता म्हणतात ती हीच.
अरुणानं पातेलं घासलं. एक शब्द बोलली नाही. याला आमच्याकडे समजूतदारपणा म्हणतात.

२३ फेब्रुवारी
करोल बागेत भांडण. मेथीचा पराठा मागवला, आला नुसता पराठा. परत पाठवला. दुसरा आला, तोही परत. मालक स्वतः आला आणि मूठभर कसुरी मेथी माझ्या नाकाखाली धरून म्हणाला, जनाब, सूँघिए तो सही. मी म्हटलं, गवत दाखवून मला शिकवू नका. गुणवंतनं मधे पडून त्याची माफी मागितली. कारण नसताना.
पुढच्या रविवारी त्याला जमणार नाही. सासू आजारी आहे.

२ मार्च
गुणवंतची सासू अजून आजारी. एकट्यानंच गेलो. काश्मिरी पदार्थ होता. तेलकट.

९ मार्च
गुणवंतच्या सासूला दीर्घ आजार असावा. बाहेर गेलो नाही.
दुपारी घरात कुणी नव्हतं. सहज स्वयंपाकघरात गेलो आणि हिंगाची डबी उघडून वास घेतला. भेसळ. निव्वळ पीठ. वेलदोडे सोलून बघितले. त्यातही भेसळ! कॉफीची बरणी, तीच तऱ्हा. लसूण ठेचून नाकाला लावला. लसणात भेसळ कशी करतात, हे शोधून काढायला हवं.
जरा घाम फुटला. मग कपाटातला डोकेदुखीचा बाम काढला आणि जोरात हुंगला. नाक झिणझिणलं, डोळे चुरचुरले. नाक शाबूत आहे. सिद्ध झालं. इतका आनंद झाला की दोनदा हुंगला.
वळलो तर अरुणा दारात पिशवी घेऊन उभी. कधी आली कळलं नाही. संध्याकाळी म्हणाली, अहो, एकदा नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या. मी म्हटलं, सर्दी जुनी आहे, स्पर्धा होऊ दे.

२३ मार्च
रोज वाफ घेतोय. नाकात थेंब. गाईचं तूपही नाकात सोडून बघितलं. सर्दी चिवट आहे. सर्दी म्हणायची तर नाक वाहत नाही, पण तो तपशील.
अरुणा म्हणाली, या वर्षी परीक्षक म्हणून नाही म्हणा, प्रकृतीचं कारण सांगा. मी चिडलो. म्हटलं, रिटायर होऊन एक दिवस हे क्वार्टर सोडायचंय, खुर्ची जाईल, पाटी जाईल. या शहरात माझं म्हणून राहणार काय? ही जीभच ना?

६ एप्रिल, रविवार
सकाळी. स्पर्धा आज. विषय पुरणपोळी. म्हणजे आपलं होम ग्राउंड. कडक इस्त्रीचा कुडता. स्पर्धेपर्यंत काही खाणार नाही, जीभ स्वच्छ हवी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहू की नको. लिहितो. ही वही कुणी वाचणार नाही.
टेबलावर ताटं मांडलेली, हॉल भरलेला. प्रत्येक पोळीचा तुकडा तोडून खाल्ला. सगळ्या गोड. सगळ्या सारख्या गोड. एवढ्या वर्षांचा अनुभव असला की माणूस नुसत्या डोळ्यांनीही परीक्षा करतो, म्हणून जिचं पुरण दिसायला सगळ्यांत खरपूस रंगाचं होतं तिला पहिला नंबर दिला. माइक घेतला आणि बोललो. या पोळीत जायफळ आणि वेलदोडा यांचा असा काही घमघमाट आहे की हॉलच्या दारातच मला ती ओळखू आली, वगैरे. दरवर्षी बोलतो तसंच, किंबहुना जास्त चांगलं.
लोक हसायला लागले. मला वाटलं, दाद आहे. मीही हसलो.
पोळी हेमलता नावाच्या मुलीची होती. लग्न होऊन नुकतीच फरीदाबादला आलेली. ती पुढे आली तीच रडवेली होऊन. म्हणाली, "काका, पुरण करपलं ते मला माहीत आहे. सासूबाई म्हणाल्या, नाव दिलंय तर ने, म्हणून आणलं. पण सगळ्यांसमोर अशी चेष्टा नका करू."
सरलाताई म्हणाल्या, अहो श्यामकांतराव, मघापासून सगळा हॉल त्या करपलेल्या वासानं भरलाय, पुरे आता गंमत. मी म्हटलं, गंमत नाही. मागच्या रांगेत गुणवंत बसला होता. त्यानं मान खाली घातली.
अरुणा उठून आली. हेमलताच्या पाठीवर हात ठेवून तिला म्हणाली, यांना बरं नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. माइक माझ्या हातातून काढून सरलाताईंना दिला आणि मला घरी आणलं.
घरी आल्यावर मी सुरू केलं. हॉलमधले पंखे, हवा उलटी असेल. ती पाण्याचा तांब्या ठेवून समोर बसली. म्हणाली, "अहो, गोडा मसाला जानेवारीतच संपला. पुण्याहून अजून आलेला नाही. तुम्ही रोज त्याचं कौतुक करता."
खरं लिहायचं तर भीती वाटली. इतकी भीती जिन्यावरून पडतानाही वाटली नव्हती.

१७ एप्रिल
डॉक्टर. डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाखाली धरली. पहिली कॉफी म्हणालो, दुसरी लवंग, तिसरा साबण. तिन्ही वेळा बाटली रिकामी होती. डोळे उघडा म्हणाला.
डोकं मागून आपटलं की वासाच्या नसा तुटतात, म्हणाला. अगदी बारीक असतात. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळत राहील, तिखट झोंबत राहील, बाकी जी आपण चव म्हणतो तो सगळा वासच. परत येईल का, असं अरुणानं विचारलं. म्हणाला, आला असता तर एव्हाना थोडा आला असता. गॅसच्या बाबतीत सांभाळा, म्हणाला.
मी विचारलं, दुसरी काही ट्रीटमेंट? त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

१८ एप्रिल
नवा संकल्प. दुसरा डॉक्टर.

२७ एप्रिल
दुसरा डॉक्टर पहिल्याच्याच कॉलेजातला निघाला. तेच बोलला, फक्त इंग्लिशमध्ये.
सरलाताईंचा फोन आला होता. गणपतीच्या स्पर्धेला दत्तात्रयांना परीक्षक नेमलंय, तुम्ही आता आराम करा, म्हणाल्या. हा दत्तात्रय पिठल्याला झुणका म्हणतो. मी अभिनंदन कळवा म्हटलं.

१ मे
महाराष्ट्र दिनाला मंडळात जेवण होतं. गेलो नाही. वृंदा गेली. परत येऊन म्हणाली, बाबा, श्रीखंड एकदम मस्त था. मग तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, सांग की, केशर होतं का? तिला केशर म्हणजे रंग की वास ते नीट माहीत नाही. पिवळं होतं, म्हणाली.

११ मे, रविवार
बाहेर गेलो नाही. गुणवंत आला होता, सासू बरी आहे म्हणाला. चला साहेब, कुठेतरी जाऊ. म्हटलं, ऊन फार आहे. थोडा वेळ बसला आणि गेला.
रात्रीचं जेवण घरी. वरण, भात, भरली वांगी. गरम होतं. वांगी मऊ होती. एवढं नक्की सांगता येतं.
अरुणानं पहिला घास घेतला. मी वाट बघत थांबलो. पूर्वी ती थांबायची.
मी विचारलं, कशी झालीत?
ती म्हणाली, लसूण जरा जास्त झालाय.
मी एक घास खाल्ला. नीट चावला. म्हटलं, हो, जरा जास्तच झालाय.