एका ठोशाच्या मालकीबाबत

एका ठोशाला एकंदर लागलं ते असं: कोबीचे सात गड्डे, ओल्या चामड्याचा हातभर पट्टा, एक सबंध दुपार, धाकट्या मुलीच्या मनगटाचं हाड आणि तिचं बापाशी बोलणं. त्यातले कोबी तेवढे दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा मिळाले.

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा चित्रपटांना आवाज पुरवण्याचा (पावलांचा बूट वाजवून, ठोशाचा कोबी फोडून), हे शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. पोटातल्या गाठीने डोक्यावर अजून हक्क सांगितलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर थोरल्या मुलाला. न्हाणीघरातला नळ गळतो. तीन वर्षं त्याने तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. आता नळ त्याचाच.

२. स्टुडिओतले चाळीस जोड बूट, दाराच्या कड्या आणि वाळूची पेटी समोरच्या मोच्याला. पडद्यावर चोर पळो की नवरी, पाय माझे आणि टाचा त्याच्या. याच स्टुडिओत मी झाडू मारायला आलो आणि मालक झालो. ‘आमचे कान फसत नाहीत’ अशी पाटी दारावर रंगवून घेतली. ती भंगारात द्यावी.

३. कपाटातली मूठ उगारलेली पितळी बाहुली धाकटीची आहे, तिला परत द्यावी. मारधाडपटांतल्या नायिकांना देतात तो हा पुरस्कार. शेवटच्या मारामारीत खलनायकाच्या छातीवरची गादी सरकली, हिचा ठोसा थेट लोखंडी बक्कलावर बसला, मनगट मोडलं. तरी पोरीने दृश्य पुरं केलं. समारंभात तोच ठोसा दाखवला. वार्ताहराने मला विचारलं, “वडील म्हणून कसं वाटतं?” मी ऐटीत म्हणालो, “ठोसा तिचा कसला, माझ्या कोबीचा आहे तो!” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

सकाळी पेपरात मथळा: ‘कोबीची राणी’. निर्माते तिला त्याच नावाने हाक मारू लागले, मग हाक मारेनासे झाले.

ती वाकडं मनगट घेऊन आली. “बाबा, त्यांना सांगा ना. तो आवाज सेटवरचाच आहे. माझं हाड मोडलेलं मला कळत नाही?”

“अगं, तीस वर्षं कोबी फोडतोय. माझा माल मला ओळखू येत नाही होय?”

तिने बाहुली टेबलावर ठेवली. “मग ही कोबीलाच द्या,” म्हणाली आणि गेली. याला अकरा वर्षं झाली. ती आता विमा कचेरीत डाव्या हाताने अर्ज भरते.

ती गेली त्यानंतर आठवड्याने आवाजांची जुळणी करणारा आला. “मालक, त्या ठोशाला तुमचा आवाज बंदच ठेवला होता. सेटवरचाच जबरदस्त होता. पेपरवाल्यांना कळवू?” मी म्हणालो, “गप्प बस. आमच्या घरातली गोष्ट आहे.” स्वतःचा आवाज न ओळखणाऱ्याला काम कोण देणार? काम टिकलं.

४. बँकेतली शिल्लक धाकटीला. त्यातून त्याच पेपरात जाहीर करावं की ठोसा तिचा होता. ती नको म्हणाली तर छापू नये. तिला हवं होतं तेव्हा मी दिलं नाही. तिला तीन पत्रं लिहिली, तिन्ही न फोडता परत आली. हे चौथं. हेही ती फोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. फक्त या वेळी परत पाठवायला पत्ता नसेल.

५. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. लोक चांगलं बोलतील आणि खोडून काढायला मी नसेन.

मोच्याने वाचून पाहिलं. “काका, खालचं जोडपत्र काढा. गेल्यावर कशाला अब्रू घालवता?” मी म्हटलं, “सही कर.” त्याने केली.

साक्षीदार: १. समोरचा मोची (सही) २. आवाजांची जुळणी करणारा (सही)
लिहून देणार: धाकटीचा बाप (सही)
ठिकाण: स्टुडिओ, वाळूच्या पेटीशेजारी
दिनांक: नऊ फेब्रुवारी

जोडपत्र: कानाच्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल. डावा कान पूर्ण बंद, उजव्याने निम्मं. अहवालाची तारीख त्या चित्रपटाच्या दीड वर्ष आधीची आहे.