कोकिळाची खोटी भट्टी

सातवी माळ, १९७५

कोकिळा आली! माह्या हिंमतरावाची पोरगी. मुंबईले इंजिनेरीची मोठी परीक्षा करून राह्यली. आमच्या उंद्रीत कोणाच्या नातीनं असं केलं? शेजारची सरस्वतीबाई म्हणते, तिच्या नातवानं मॅट्रिक केली. केली असन.

पेटीत पुठ्ठ्याची कार्डं आणली. भोकंच भोकं! ते म्हणे कॉम्प्युटरले खाऊ घालाचं. मी विचारलं, त्यात शिजते काय? तर भट्टी. कोळशाची भुकटी अन् गॅस संगंच जाळाचे, पण नुसते आकड्यात — धूर नाही, राख नाही! वीजघरात कोळसा कमी पडला तर गॅसवर निभते का, ते अगुदर आकड्यात पाहाचं. पण तिची ज्योत दरवेळी इझते. ती टिकली की परीक्षा झाली. मले हासू आलं. कापसाची पऱ्हाटी ओली असली की आमच्या चुलीतही हेच!

आठवी माळ

जेवताना हिंमतरावानं विषय काढला. सुलतानपूरचे जानराव पोरासाठी मागणं घालून राह्यले. कोजागिरीले येतात. "तवरोक तुही भट्टी पेटली तर शिक. नाही तर सुपारी फोडतो."

कोकिळा म्हणे, द्वादशीले मशीनवर पाळी आहे, पेटन. पोरगंही चांगलं आहे म्हणा, ट्रॅक्टर आहे. मी कोणाकडून बोलू? भाजी वाढली.

दसरा

नांगर, विळे, शिवणमशीन — समद्याची पूजा केली. मंग पोरीचंच हत्यार उपाशी काऊन ठेवू? पेटी उघडली. हळदीकुंकवाची ओली बोटं, एकेका कार्डाले! वरून पाण्याचा शिंतोडा, झेंडूची फुलं. किती साजरी दिसत होती!

दुपारी तिनं पाह्यलं. एक कार्ड उजेडात धरलं. फुगलं होतं, भोकं बुजली होती.

"आजी, मशीन हे घेत नाही. अडकते."

मी चुलीपाशी वाळत घातली, तर वाकडीच झाली. भोकं पाडाचं यंत्र मुंबईलेच. नवी पाडेपर्यंत पाळी जाईन, दुसरी कधी भेटन माहीत नाही, म्हणे. संध्याकाळच्या मोटारीनं गेली. जाताना पाया पडली. मी हातावर गूळ ठेवला. अजून काय ठेवू?

त्रयोदशी

मुंबईहून काही निरोप नाही.

कोजागिरी

जानराव आले. भला माणूस, दोन पेले दूध पिला. हिंमतरावले मी आत बोलावलं. म्हटलं, माह्याच हातानं नासलं रे, आठ दिवस थांब. म्हणे, "माय, शब्द देला आहे." पुरुषांच्या बैठकीत मी काय जाऊ? दारातूनच सुपारी फुटल्याचं ऐकलं. दूध मात्र मस्त आटलं होतं.

दुसऱ्या दिवशी

बायाईले कुंकू लावून सुपारीची साखर वाटत होती. कोकिळा फाटकातून पळतच आली. "आजी, टिकली! नवी कार्डं पाडली, दुसऱ्याची पाळी भेटली, ज्योत टिकली!"

अन् मंग तिनं माही कुंकवाची बोटं पाह्यली.