सुई धरणारं लाकूड

प्रिय हेस्टर,

बाबा ज्या वाकड्या लाकडाने रंग ढवळायचे, ते आठवतं? टोकाला भोक असलेलं? आज डेंट गावच्या सभागृहात जुनी हत्यारं ओळखून देणार होते, म्हणून मी ते नेलं. तिथे हत्यारं ओळखून देणाऱ्या मेटकाफबाई ते बघून हसतच सुटल्या.

"अगं, हे विणकामाचं. कमरपट्ट्यात खोच आणि उजवी सुई भोकात बसव."

"माझा उजवा हात चालत नाही," मी म्हटलं.

"मग काय झालं? सुई लाकडाने धरलीय. डावा हात चालतो ना?"

हेस्टर, मार्चमध्ये मला अर्धांगवायूचा झटका आला. फोनवर तुला सांगितलं नाही, तू सगळं टाकून धावत आली असतीस. सुया तेव्हापासून कपाटात होत्या. आज टाके सुटत होते, मेटकाफबाई ओरडत होत्या, आणि तरी माझी अख्खी ओळ विणून झाली! मला रडूच आलं.

डाव्या हाताने लिहिलेलं हे अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून पत्र पाठवत नाही. आधी मोजे पाठवीन. ते एका हाताने विणलेत हे तुला ओळखता येतं का, बघू.

तुझीच,
मार्जरी