उतरण्याचे ठिकाण: वारा नेईल तिथे

११ फेब्रुवारी
शाळेची प्रयोगशाळा

प्रिय दादा,

नमस्कार. हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तू पाकीट न उघडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून विमानतळाच्या कंट्रोल रूमवर पाठवते आहे. इकडे सगळं ठीक. मी दमले आहे, एवढंच.

माझ्या नववीच्या मुलींच्या फुग्याचा अर्ज तुझ्या टेबलावरून तिसऱ्यांदा परत आला. फुगा विमानांच्याही वर जाणार, खाली पेटीत कॅमेरा टांगलेला, म्हणून परवानगी हवी. आमच्या कारकुनानं विचारलं, "वाढदिवस कुणाचा?" आधी पेटीचं वजन जास्त भरलं. मग फुगा फुटल्यावर पेटी खाली आणणाऱ्या पॅराशूटचा रंग लांबून दिसेना. तिसऱ्यांदा ‘उतरण्याचे ठिकाण’ या रकान्यात पोरींनी खरं तेच लिहिलं: वारा नेईल तिथे. त्यावर लाल शाईत शेरा, ‘वाऱ्याने अर्ज केलेला नाही. अंदाज काढून कळवा.’ अक्षर ओळखलं आणि मला हसू फुटलं. घरी आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "लहानपणापासून असाच खवचट आहे मेला."

हसता हसता तिला धाप लागली. अलीकडे लागते. डॉक्टरांनी पथ्यं बंद केली आहेत. म्हणाले, हवं ते खाऊ द्या. मी त्यावर फार विचार करत नाही, वह्या तपासत बसते.

आई वहिनीला जे बोलली ते चूकच होतं. मी तेव्हाच तिच्या तोंडावर सांगितलं होतं. तू घरचे फोन उचलणं बंद केलंस, त्याबद्दलही तुला बोल लावत नाही. पण तुम्हा दोघांच्या मध्ये मी पिचते रे. आता नाही झेपत.

अंदाज सोबत जोडला आहे: नदीपलीकडची मोकळी शेतं. तुझी सही झाली तर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावरून फुगा सोडू. नियम असा की सोडण्याआधी जबाबदार व्यक्तीनं तुमच्याकडे फोन करून तोंडी परवानगी घ्यायची. ड्यूटीवरच्या माणसाला तो फोन उचलावाच लागतो. रविवारी ड्यूटी तुझी आहे, मी चौकशी केली.

जबाबदार व्यक्ती म्हणून मी आईचं नाव घातलंय. सज्ञान असावी, एवढीच अट आहे. वजन, वेळ, वाऱ्याची दिशा, सगळं मुलींनी तिच्याकडून पाठ करून घेतलंय. त्यापुढे ती काय बोलेल, ते कुणीच शिकवलेलं नाही.

ढग जास्त असतील तर सरळ नाही म्हण, मुली समजून घेतील. फक्त फोन लगेच ठेवू नकोस.

तुझी, आणि तिचीही,
धाकटी