हेल्गाकाकूंच्या लसूणघासात

आदरणीय लेलंडदाजी,

देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहोत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही आणि ताई बिलिंग्जला लेकीकडे आहात, म्हणून चर्चमध्ये दर रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना होते. (पहिल्या रविवारी पाद्रीबुवा गुडघ्याऐवजी मूत्रपिंड म्हणाले. तेही बरं असेल अशी आशा आहे.) पुढचा मजकूर मन शांत असतानाच वाचावा.

हेल्गाकाकूंचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. बर्फ गेल्यावर जो त्यांच्या लसूणघासातल्या, जमिनीत बिळं करणाऱ्या खारी मारील, त्यालाच शरदात नदीकाठी हरणांची शिकार करू द्यायची. गेल्या वर्षी असल्याच बिळात पाय जाऊन त्यांची गाय लंगडी झाली. यंदा काकूंनी मला विचारलं, आणि मोठ्या शिंगांची ती हरणं मला प्रार्थनेतसुद्धा दिसायला लागली. (त्याबद्दल क्षमा मागून झाली आहे.)

मी आणि बियाण्यांच्या दुकानातला एल्डन पहाटेच निघालो. हरणाला पहाटे गाठावं लागतं, म्हणून आम्ही खारीलाही तोच मान दिला. जमीन गोठून फरशीसारखी टणक होती. एल्डन म्हणत होता गाडी कडेला लावू, पण खारी मधोमध आहेत म्हणून मी ती मधोमधच नेली. खारी मात्र ऊन अंगावर आल्याशिवाय उठत नाहीत. तोवर आम्ही पालथे पडून होतो आणि पोटाकडून हळूहळू गोठत होतो. अशा वेळी माणसाला आपल्या क्षुद्रपणाची जाणीव होते. मला कॉफी घरी राहिल्याचीही झाली.

उन्हं चढली तशा खारी आल्या. एकेक जण मागच्या पायांवर उभी राहायची आणि पुढचे पंजे छातीशी जोडायची. दाजी, तुम्ही मला ओळखता. हात जोडलेल्या जिवावर गोळी कशी झाडणार? मी नेम धरून तिचं आमेन होण्याची वाट पाहत राहिलो. खारींची प्रार्थना आमच्या पाद्रीबुवांपेक्षाही लांबते. एल्डनला असली अडचण नव्हती, पण थंडीने त्याचे हात इतके कापत होते की त्याने कुंपणाचा खांब टिपला.

तेवढ्यात लक्षात आलं, की ज्या उन्हाने खारी वर आल्या, त्याच उन्हाने गाडी खाली चालली आहे. गोठलेली जमीन विरघळून चिखल झाला होता आणि चाकं दिसेनाशी झाली होती. एल्डनने ती पुढे-मागे करून घासात दोन लांबलचक चर पाडले. उरलेली माती, मी मागून ढकलत असल्यामुळे, माझ्यावर आली.

हेल्गाकाकू ट्रॅक्टर घेऊन आल्या आणि फाटकातच थांबल्या. मी नम्रपणे सुचवलं, की ट्रॅक्टर आत आणावा.

"आत घालायला मी काय तुझ्यासारखी शिकारी आहे?" त्या म्हणाल्या. "किती मारल्या?"

मी बुटांकडे पाहिलं. बूट दिसत नव्हते.

"एक खांब, काकू," एल्डन म्हणाला.

"खारींनी इतक्या वर्षांत एवढं उकरलं नाही रे, आर्विड. त्यांना ठेवते, तुला घालवते." मग म्हणाल्या, "हरणांची परवानगी आता दिली तर तुझ्या दाजींनाच देईन. ते गाडी कडेला लावतात."

गुडघा जपा. ताईला सांगा, तुमच्या कोंबड्यांना रोज न चुकता दाणे घालतो.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
आर्विड

ता. क. शरदात मला सोबत न्या. फाटकं उघडीन, हरीण ओढीन, तोंड उघडणार नाही.

आणखी ता. क. माझी गाडी गॅरेजात होती आणि तुमच्या नव्या गाडीची किल्ली कोंबड्यांच्या दाण्याशेजारीच टांगलेली होती. जमीन वाळेपर्यंत, म्हणजे मेपर्यंत, गाडी घासातच राहील असं काकू म्हणतात. खारी टपावर ऊन खातात, काच अजून शाबूत आहे. न्यायला जाल तेव्हाच हरणांचंही विचारून टाका.