जाहिरातीची सही वैध, मुलीच्या दाखल्याची अज्ञात

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
दाखले व नोंदी कक्ष (तळमजला, खिडकी क्र. ४),
भाईंदर (पश्चिम).

विषय : मुलीच्या जन्म दाखल्यावरील डिजिटल सही येत्या शुक्रवारच्या आत ओळखीची करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (पोच आहे, उत्तर नाही.)
२) आपल्या खिडकीच्या काचेवर आतून चिकटवलेली सूचना.

महोदय,

आज दुपारी सव्वादोन वाजता आमच्या घरात 'टुडुंग' असा आवाज झाला. मुलगी नुकतीच झोपली होती; तिला आवाज नको म्हणून पंखासुद्धा मी एकवर ठेवला होता. आवाज संगणकाचा होता. पडद्यावर एक हसरी बाई आली व म्हणाली, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." कशासाठी, ते तिने सांगितले नाही. या बाईचा आपल्या कक्षाशी दूरचा का होईना संबंध आहे, म्हणून हा अर्ज. मुलगी उठेपर्यंत किंवा चारला नळाचे पाणी येईपर्यंत एवढाच वेळ हाती असल्याने कुठे घाई दिसल्यास सांभाळून घ्यावे.

१. माझी मुलगी कु. आरोही यतीन पाष्टे हिला पहिलीत प्रवेश घ्यायचा आहे. शाळा आमच्या खिडकीतून दिसते. तिकडे मधल्या सुट्टीची घंटा झाली की ही इकडे स्वतःचा डबा उघडून बसते. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार, दि. २८ मार्च आहे. बाकी सगळे कागद जमले, जन्म दाखला तेवढा अडला आहे. आपल्या कक्षाने ईमेलवर पाठवलेल्या दाखल्यात नाव, तारीख, आईबापाचे नाव, सगळे बिनचूक आहे. फक्त आपली सही आहे तिथे पिवळे प्रश्नचिन्ह येते व 'सहीची वैधता अज्ञात' असे दिसते. शाळेच्या ऑफिसातील नीलम मॅडम म्हणतात, "ताई, हिरवी टिक आणा. प्रश्नचिन्हावर अ‍ॅडमिशन कशी देऊ?" त्यांचेही खोटे नाही.

२. मी रिक्षा करून, मुलीला घेऊन, आपल्या खिडकीवर आले. तिथे बसणाऱ्या श्री. जितेंद्र यांना म्हटले, प्रिंटवर शिक्का मारून द्या. ते म्हणाले, "मॅडम, डिजिटल दाखल्यावर शिक्का मारला तर तो डिजिटल कसा राहील?" आणि त्यांनी काचेवरच्या सूचनेकडे बोट दाखवले : 'पिवळे प्रश्नचिन्ह दिसल्यास नागरिकांनी आपल्या संगणकावर सदर सहीवर स्वतः विश्वास दर्शवावा.' मी घरी येऊन सहीवर राइट क्लिक केले, प्रॉपर्टीजमध्ये गेले व 'विश्वास आहे' या चौकटीत खूण केली. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी टिक आली. आरोहीने टाळ्या वाजवल्या. तीच फाईल पेन ड्राइव्हवर घालून शाळेत नेली तर तिथे पुन्हा पिवळे. विश्वास घरीच राहिला होता. शाळेच्या संगणकावर विश्वास ठेवायला पासवर्ड लागतो, तो मुख्याध्यापकांकडे आहे आणि ते सोमवारपर्यंत गावी आहेत.

३. यानंतर जे घडले ती चूक माझी, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. सही सगळीकडे हिरवी करणारा एखादा प्रोग्राम मिळेल का, ते मी शोधले. हिरव्याच्याच शोधात असल्याने समोर आलेले सर्वांत हिरवे बटण दाबले. त्याने तीन प्रश्न विचारले. कुकरची तिसरी शिट्टी होत होती, मी तिन्हींना 'हो' म्हटले. तेव्हापासून वर लिहिलेली बाई आमच्याकडे राहायला आली आहे. घरच्या संगणकावरची टिकसुद्धा पुन्हा पिवळी झाली, ते वेगळेच.

४. आमच्या बिल्डिंगखाली संगणक दुरुस्त करणारे जितेशभाई आहेत. त्यांनी मला अशी जाहिरातवाली फाईल ओळखण्याची पद्धत शिकवली : फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर्स. "भाभी, जिसकी सही नहीं, उस पे पहले शक करो. जिसकी है, उसका नाम पढो, पहचानते हो क्या?" मी दोन दुपारी खर्चून त्या दिवशी आलेल्या आणि आधीच्या मिळून अकरा फाईली तपासल्या. नऊ ओळखीच्या कंपन्यांच्या निघाल्या. एकीवर सहीच नव्हती. मी ती पुसणार, तेवढ्यात लक्षात आले की हा माझा मराठी टायपिंगचा प्रोग्राम. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतः बनवून मला फुकट दिलेला. त्यांनी सही केली नाही, कारण त्यांना ते सुचले नाही. हा अर्ज त्याच्यावरच लिहीत आहे.

अकरावी फाईल त्या बाईची. तिच्यावर 'हसतमुख मीडिया प्रायव्हेट लिमिटेड' यांची सही आहे. देश, शहर, तारीख, वेळ, सगळे दिलेले आहे आणि खाली स्वच्छ लिहिले आहे : 'ही डिजिटल सही योग्य आहे.' जितेशभाईंना दाखवले तर ते हसायला लागले. "सही तो असली है, भाभी. आदमी कैसा है, वो सही थोडी बताती है?"

म्हणजे महोदय, न बोलावता घरात शिरून झोपलेल्या पोरीला दचकवणारी बाई कोणाची, हे माझ्या संगणकाला पक्के ठाऊक आहे. माझी मुलगी कोणाची, हे मात्र अज्ञात आहे. ती फाईल मी अजून पुसलेली नाही. आपल्या कक्षाला पुरावा लागतो हे अनुभवाने माहीत आहे.

५. आरोहीच्या जन्माच्या वेळी मी स्वतः हजर होते. सकाळचे सहा चाळीस झाले होते. तिने आधी एकच डोळा उघडला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटला, जणू खात्री करून घेतली. एवढ्यावर तिचे काम भागले होते. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण माझी सही नुसती पेनाची.

६. तरी विनंती की, शुक्रवारपूर्वी (अ) आपली सही ओळखीची करून द्यावी, किंवा दाखल्यावर शाईची सही व शिक्का द्यावा. (ब) ते नियमात बसत नसल्यास आपण स्वतः शाळेत यावे व नीलम मॅडमना "ही माझीच सही" एवढे एक वाक्य सांगावे. रिक्षा मी करीन. (क) तेही शक्य नसल्यास सदर दाखला हसतमुख मीडिया यांच्याकडून सही करून घेण्याची मला लेखी परवानगी द्यावी. त्यांची सही शाळेत नक्की चालेल.

शाळेची घंटा रोज ऐकणाऱ्या मुलीला शुक्रवारी काय सांगायचे, ते आपल्या उत्तरावर ठरेल.

आपली नम्र,
(सही, पेनाने)
सौ. समिधा यतीन पाष्टे
शांती नगर, मीरा रोड (पूर्व)
दि. २५ मार्च २०२५

सोबत :
१) दाखल्याची प्रिंट (प्रश्नचिन्ह दिसावे म्हणून रंगीत).
२) पेन ड्राइव्ह, त्यात हसतमुख मीडियाची फाईल. कृपया उघडू नये.
३) आधीच्या तीन अर्जांची पोच.
४) मुलगी. शुक्रवारी सकाळी समक्ष.

ता.क. : अर्ज छापायला घेतला आणि पुन्हा टुडुंग झाले. आरोही उठली व तशीच येऊन मांडीवर बसली. पडद्यावर दोन सह्यांच्या चौकटी शेजारीशेजारी उघड्या होत्या. इथे काय लिहिलंय, तिने विचारले. मी वाचून दाखवले : ही त्या बाईची, योग्य आहे; ही तुझी, माहीत नाही. तिने दोन्हींवर एकेक बोट ठेवले. मग म्हणाली,

"आई, मग शाळेत माझ्या जागेवर त्या बाईला बसवणार का?"