लाल गाडीची रेस उतरत नाही

९ जानेवारी
लाल गाडीनं आज परत तमाशा केला. किल्ली फिरवली की घूंऽऽ करत सुटते. रेसच्या खटक्याला अंगठा लावला नाही तरी रेस वरच. बर्फावरची गाडी आहे, माझी माहेरची लुना नाही, सुटली तर थेट झाडात. गिऱ्हाइकाला द्यायची कशी? काळ्या दोन्ही नीट चालतात. हीच एक, नवी घेतलेली (नवी म्हणजे कुणाची तरी जुनी), पहिल्या बर्फापासून नखरे.

डेलला फोन. आला लगेच. आम्ही हे मोटेल घेतलं तेव्हापासून गाड्यांचं सगळं तोच बघतो. पलीकडच्या वळणावर राहतो, एकटाच, बायको गेली. शेडमध्ये हीटर लावून बसला, स्क्रू फिरवून रेस कमी केली. गाडी गप्प. म्हणाला झालं.

हात थरथरतो त्याचा हल्ली. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतो.

१० जाने.
झालं कसलं. बाहेर काढली, थोडा वेळ उभी केली, परत तेच घूंऽऽ. शेडमध्ये आणली, गरम झाली, तर रेस एवढी उतरली की बंदच पडली. आत एक, बाहेर एक. सासरच्या माणसांसारखं.

हे म्हणतात डेलला विचार. त्याला काय विचारायचं, त्यानंच फिरवलाय ना स्क्रू. शनिवारी सगळ्या खोल्या भरल्यात, तिन्ही गाड्या पाहिजेत.

१२ जाने.
डेल दिवसभर इथंच. कार्बोरेटर खोलला, धुतला, परत बसवला. रबरी नळ्या काढून बघितल्या, कुठून हवा ओढतेय का म्हणून. कुठंच काही नाही. एक बारका नट हातातून पडला तर फरशीवर गुडघे टेकून शोधत बसला. मीच दिला शोधून. मनात आलं, झालं ह्याचं वय.

शेडमध्ये चालू करून दाखवली. लोण्यासारखी. म्हणाला, चालतेय खरी, पण आता माझा माझ्यावर भरवसा नाही. आणि हसला. मी हसले नाही. चार नंबरच्या चादरी धुवायच्या राहिल्या होत्या.

१४, शनिवार
जे व्हायचं ते झालं. शिकागोकडचा ग्रुप आलाय, त्यातली एक बाई लाल गाडीवर बसली, चालू केली, गाडी पळालीच. अंगठा लावलाच नव्हता म्हणते. लाकडाच्या ढिगात गेली. बाई बर्फात उताणी. लागलं नाही, देवाची कृपा. सगळे बाहेर उभे. डेल पण होता, मुद्दाम बघायला आला होता बिचारा.

मी त्याला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

१५ जाने.
लिहिते.

म्हटलं, तुला जमत नाही तर सांगायचं, माणूस मेला असता. इथवर ठीक. मग म्हटलं, लुक युवर हँड. आणि माझा हात पुढं करून थरथरवून दाखवला. त्याचा थरथरतो तसा. सगळ्यांसमोर. त्या ग्रुपमधले दोघं हसले.

डेलनं हातमोजे घातले. सावकाश, एकेक बोट. म्हणाला, येस मॅम. आणि गेला.

हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. फक्त एवढं म्हणाले, "बापाच्या वयाचा माणूस आहे तो." मी म्हटलं, गिऱ्हाईक मेलं असतं तर तुम्ही काय केलं असतं. तोंड बंद केलं त्यांचं. माझी सवयच ती, दुसऱ्याचं तोंड बंद करायची.

स्वैपाक करताना सारखा माझाच हात दिसतोय. हलताना.

१८ जाने.
गावातला मेकॅनिक पुढच्या आठवड्याशिवाय येत नाही. म्हटलं मरू दे, मीच बघते. सातवीत शाळा सुटली पण लुना कुणाला खोलू दिली नव्हती मी.

गाडी थंडीत उभी केली. चालू. घूंऽऽ. खटका अंगठ्यानं दाबला, सोडला. परत येतो, पण पुरता येत नाही, केसभर राहतो. आतून बोटानं ढकलला तर रेस खाली. म्हणजे दुखणं इंजिनात नाहीच, खटक्यात आहे. तिथं काहीतरी गोठतंय. दोन नंबर खोलीतला केस वाळवायचा ड्रायर आणला, लांब वायर लावून खटक्यावर धरला. रेस हळूहळू उतरली. गार होऊ दिला, परत चढली. म्हणून शेडमध्ये शहाणी आणि बाहेर वेडी. डेल हीटरजवळ बसून शोधत होता, सापडणार कुठून.

खटक्याचं झाकण काढलं. केबलच्या तोंडाशी चिकट. पिवळं. हळदीचं पिवळं.

तिथंच बसले बर्फात.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी गाडीची पूजा मी केली. आमच्याकडं नवी गाडी पूजेशिवाय रस्त्यावर काढत नाहीत. हिला चाकं नाहीत, पट्टा असतो, त्या पट्ट्याखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू लावलं, पुढं नारळ फोडला. नारळ केवढ्या लांबून आणवलेला. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून सगळं हँडलवर ओतलं, तीर्थ म्हणून. हे म्हणत होते बास, बास. मी आणखी ओतलं.

साखरेचं पाणी ते. मुरलं आत, आणि रोज गोठतंय.

१९ जाने.
गरम पाण्यानं धुतलं, पुसलं, वाळवलं, तेल सोडलं. डेलनं फिरवलेला स्क्रू होता तसा केला. गाडी बाहेरपण शांत. ह्यांना सांगितलं. ह्यांनी खटका दोनदा दाबून सोडून बघितला. मग म्हणाले, "चालतेय ना? मग आता नारळाचं कुणाला सांगत बसू नको. हसतील गावात."

बरं वाटलं ऐकून. हीच तर लाज आहे, की बरं वाटलं.

२१ जाने.
पोस्टात गेले होते. काउंटरवरची बाई सांगत होती, डेलनं दारावरची पाटी काढली. यंत्रं दुरुस्त करून मिळतील म्हणून पाटी होती, आम्ही यायच्या आधीपासूनची. हत्यारं पुतण्याला देऊन टाकणार म्हणे. तिनं विचारलं, तुमच्याकडं काही झालं का. मी म्हटलं, मला काय माहीत.

आणखी एक पाप.

२२ जाने.
शीतलचा फोन, रेडमंडहून. तिकडं पाऊसच पाऊस. तिला सगळं सांगितलं, हात हलवला ते सोडून. म्हणाली, "आई, जस्ट टेक्स्ट हिम सॉरी." मग म्हणाली, काय गं आई, नारळ? आणि हसत सुटली. हसू दे. पण सॉरीनं काय होतंय. त्याला सॉरी नकोय, त्याला त्याचे हात परत पाहिजेत. ते मी घेतले.

नाही सांगितलं तर तो मरेपर्यंत समजणार की त्याच्या हातांनी ती बाई पडली.

२४ जाने.
गेले. शिरा करून नेला, रिकाम्या हातानं कसं जायचं. दाराशीच हत्यारांची पेटी बांधून ठेवलेली. पाने आत पुसून लावलेले, एकेक.

बसले आणि सांगितलं. माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे (कुणाला लिहितेय मी हे). नारळ, फोडला, ओतला, खटका, आइस, सगळं हातवारे करून. नॉट युवर हँड, माय हँड, असं दोनदा म्हटलं. त्यानं नीट ऐकलं. मान डोलवली. शिरा खाल्ला, छान म्हणाला.

मग म्हणाला, "यू आर अ काइंड लेडी."

म्हटलं, "नो काइंड. कोकोनट."

हसला. माझ्या हातावर हात ठेवला, थरथरत होता तो माझ्या हातावर. त्याला वाटलं मी गोष्ट रचून आणली, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. अरे, नारळाची थाप कोण मारतं? पण दाखवू काय? सगळं धुऊन मीच चकचकीत केलंय.

उलट गाडी कुणी नीट केली विचारलं. मी म्हटलं मी. म्हणाला, बघ, ज्याला जमतं त्यानं करावं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चांगली बाई म्हटलं आणि तोंड लपवायला जागा नाही.

२५ जाने.
आज एक येडेपणा केला. घरात नारळ नाही. साखरेचं पाणी केलं, चिमूटभर हळद टाकली, खटक्यात ओतलं. जिथं मुरलं होतं तिथंच. गाडी बाहेर थंडीत ठेवली. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "डोकं फिरलंय का?" म्हटलं हो. नंतर स्वतःच टोपी घालून आले आणि गाडीवरची ताडपत्री काढायला मदत केली. 

२६ जाने.
गाडी आजारी आहे. पूर्वीसारखीच, घूंऽऽ. ह्यांनी ट्रकला मागं ट्रॉली लावली, डेलच्या दारात उतरवली. मागची बाजू लाकडावर उचलून टेकवली, पट्टा बर्फाला लागू नये, पळू नये. दार वाजवलं. डेल आला. म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही. खोटं नाही ते. मला होत नाही हे सहन. तेवढं इंग्रजी आलं नाही.

तो म्हणाला, आय डोन्ट डू दॅट एनीमोअर, मॅम. सरळच म्हणाला.

मी गाडी चालू केली आणि तशीच चालू ठेवून निघाले. मागं बघितलं नाही.

घरी आलोय. वळणापलीकडं आहे पण बर्फात आवाज लांब जातो, इथं खिडकीत ऐकू येतोय. हे म्हणतात पेट्रोल संपेल नाहीतर इंजिन जळेल. जळू दे. एकदम बंद पडली तर त्यानं नुसती किल्ली फिरवली, आत गेला. हळूहळू उतरली, तर खटका गरम करत बसलाय तिच्याजवळ.

लिहितेय आणि ऐकतेय. अजून रेस वरच आहे.